तारांची राख

इंदूबाईनं मेथीची जुडी कुंपणावरून पुढं केली आणि हलीमाबीनं हात मागं घेतला. असं आजवर कधी झालं नव्हतं.

"काऊन व? नको काय?"

"राहू दे आज."

"अब्दुलभाईसंगं भांडन झालं काय?"

हलीमाबी हसली नाही. पातूरच्या त्या वस्तीत दोघींची घरं पाठीला पाठ लावून होती, मधे तुराट्यांचं कुंपण. इकडं तिच्या नवऱ्याचं, अब्दुल सत्तारचं भंगाराचं आवार. जुने टीव्ही, फुटके मोबाइल, उघडे पडलेले कॉम्प्युटर. तिकडं इंदूबाईचे भाजीचे चार वाफे. अब्दुल सत्तार वायरी जाळायचा आणि हलीमाबी राखेत हात घालून तांब्याच्या तारा वेचायची.

तीन वर्षांपूर्वी इंदूबाईकडं गॅस आला, चूल गेली. वांग्यांवर मावा पडला तेव्हा शिंपडायला घरात चिमूटभर राख उरली नव्हती. बिचारी फार हळहळली. हलीमाबीनं मोठ्या मनानं घमेलंभर राख कुंपणावरून दिली. राख ती राख, चुलीची काय आणि तारांची काय! मग दर आठवड्याला इकडून घमेलं जात राहिलं आणि तिकडून भाजी येत राहिली.

काल अकोल्याहून माती तपासायला अपेक्षा नावाची मुलगी आली होती. बोलायला गोड, पण जे बोलली त्यानं हलीमाबीची झोप उडाली. या राखेत शिसं असतं, मावशी. ते मातीत बसतं, पालेभाजीत उतरतं. पोटातल्या बाळाला तर फारच वाईट.

"किती दिवस राह्यते ते?" हलीमाबीनं विचारलं होतं.

"तुमची-माझी नातवंडं म्हातारी होतील, तरी राहील."

आणि इंदूबाईची शालू, सात महिन्यांची पोटुशी, पंधरा दिवसांपूर्वीच बाळंतपणासाठी माहेरी आली होती. रोज तिच्या ताटात हीच भाजी.

न सांगितलं तर कुणाला कळणारही नव्हतं. हा विचार मनात आला आणि हलीमाबीला स्वतःचीच लाज वाटली.

"थांब इंदूबाई, मले तुह्यासंगं बोलाचं हाय."

ती वळसा घालून पलीकडं गेली आणि वाफ्याशी उभ्याउभ्याच सगळं सांगून मोकळी झाली. घरातून शालूचा फोनवर हसण्याचा आवाज येत होता. इंदूबाईनं हातातली जुडी खाली टाकली, पदर खोचला आणि मेथी उपटायला बसली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर हलीमाबीला बरं वाटलं असतं. थोड्या वेळानं तीही शेजारी बसून उपटू लागली. इंदूबाईनं तिला अडवलं नाही.

चारही वाफे मोकळे झाले. मधे हिरवागार ढीग पडला.

"आता हे फेकाचं कुठी?" इंदूबाईनं विचारलं.

नाल्यावर टाकावं तर बकऱ्या खातील. जाळावं तर पुन्हा राखच. पुरावं तर माती तीच. गावभरच्या नको झालेल्या वस्तूंना आजवर हलीमाबीच्या आवारात जागा मिळाली होती. या ढिगासाठी तिला एकही जागा सुचेना.

"उद्या शालूले दवाखान्यात नेतो," इंदूबाई शेवटी म्हणाली. "रक्त तपासून घेतो."

"माफ कर, इंदूबाई."

"अन् तू?"

"मी काय?"

"मी तीन वर्सं चिमटीनं शिंपडली. तू त लग्न होऊन आली तवापासून त्या राखीत हात घालून राहिली. त्या धुरात बसून राहिली. तुह्यं काय?"

माफी मागायची तयारी हलीमाबी रात्रभर करून आली होती. या प्रश्नाची तिनं केली नव्हती. तिला एकदम रडू फुटलं.

इंदूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"सकायी तयार राहाजो," ती म्हणाली. "तिघी जाऊ."