गोलरक्षकाला शुल्क माफ

वसंत ऋतूतील आइस हॉकीची दोन पत्रके समोर ठेवून मी व्याकुळ चित्ताने बसलो होतो. रेजायना शहरातील नामांकित संघाचे शुल्क अठराशे डॉलर होते. परंतु गोलरक्षक दुर्मीळ असल्याने माझ्या कन्येस, ब्रिनला, ते माफ होते. आमच्या गावच्या बर्फाच्या रिंकवर तीनशे भरावे लागत, मात्र तेथे कोणीही कोणत्याही जागी खेळू शके. उत्तर आजच कळवायचे होते.

"फुकट मिळतंय, तरी तोंड पाडून बसलायस!" पत्नी कोरीन म्हणाली.

"बाबा, राहीन मी गोलमध्ये उभी," ब्रिन पुटपुटली. "पण मला एकदा तरी गोल मारायचाय."

संपूर्ण हिवाळा तिने जाड पॅड बांधून गोलमध्येच काढला होता.

मी गावचा अर्ज भरला. रेजायनाला नकार कळवला, त्यांचे पत्रक मात्र जपून खणात ठेवले. पुढील वर्षी ते तिला बोलावतील का?