जावयाचं घड्याळ

नरहर ओगल्यांनी खण पुरता बाहेर ओढला आणि पलंगावर उपडा केला. फ्लॅनेलच्या तुकड्यांत गुंडाळलेली घड्याळं गादीवर घरंगळली. निळ्या तबकडीचं रिको, जाड काचेचं ओरिएंट, पट्टे निघालेली दोन सिटिझन. सिको तेवढं नव्हतं.

"रत्ना!"

रत्नप्रभाबाई दारात आल्या. नऊवारी नेसून, नथ घालून त्या केव्हाच्या तयार होत्या. "जीप खाली उभी आहे. प्रतिभा मैत्रिणींबरोबर हॉलवर पोचलीसुद्धा."

"माझं घड्याळ कुठे लपवलंस?"

"मी कशाला लपवू? मला काय करायचंय त्याचं?" त्यांनी पर्समधून लाल मखमलीचा डबा काढून दाखवला. "हे आहे ना, हे बांधा जावयाला."

"ते मी बांधणार नाही."

"अहो, मुलीचं लग्न आहे. तुमच्या घड्याळांचं नाही."

भांडण कालच लागलं होतं. वरपक्ष ग्वाल्हेरहून उतरला आणि नवऱ्या मुलाचे मामा, सदाशिवराव, चहाला क्वार्टरवर आले. ओगल्यांना राहवलं नाही. सीमांतपूजनात जावयाच्या मनगटावर बांधायचं घड्याळ त्यांनी आदल्या दिवशीच बाहेर काढून पाहुण्यांच्या हातात दिलं. सदाशिवरावांनी ते उलटसुलट केलं आणि चहाच्या बशीशेजारी ठेवलं.

"ओगलेसाहेब, हा तर पुराना माल झाला. आमच्याकडे जावयाला डब्बाबंद नवीन घड्याळ देतात. आता क्वार्ट्झचा जमाना आहे. लोक काय म्हणतील, भंगारातून उचललं?"

भंगार! ओगल्यांना तो शब्द असा झोंबला की चहा तसाच राहिला. बांधीन तर हेच बांधीन, असं त्यांनी पाहुण्यांना तोंडावर सांगितलं. रत्नप्रभाबाई त्याच संध्याकाळी बिट्टन मार्केटात जाऊन लाल डबा घेऊन आल्या.

कारखान्यानं ओगल्यांना तरुणपणी लिबियातल्या प्रोजेक्टवर पाठवलं होतं. तिथून परतणारे रेडिओ-कॅसेटचे टू-इन-वन आणि जॉर्जेटच्या साड्या आणत. ओगल्यांनी हे सिको आणलं आणि वर्षभर बायकोची बोलणी खाल्ली. तिथून जे खूळ लागलं ते सुटलं नाही. कारखान्याची सगळी टाउनशिप अभिमानानं देशी घड्याळं घालायची, त्यात हे एकटे 'जपानी ओगले'. त्यांचं म्हणणं साधं होतं. स्विस घड्याळ लोक दुसऱ्याला दाखवायला घालतात, जपानी घड्याळ वेळ बघायला. रिकोची निळी तबकडी उन्हात धरली की ते लहान मुलासारखे खूश व्हायचे. आणि ओरिएंटचं मागचं झाकण उघडून आतली चक्रं बघत बसले, की जेवायला चार हाका माराव्या लागत.

सिकोची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या वाराच्या खिडकीत इंग्रजीखेरीज अरबी अक्षरंही येत. त्याला चावी द्यायची सोयच नव्हती. मनगटावर घातलं, हात हलला, की चालायचं. काढून ठेवलं की दोन दिवसांत गप्प. ते कुणीही घालायचं नाही, खुद्द ओगल्यांनीही नाही. ते जावयाचं, हे प्रतिभा फ्रॉकमध्ये असतानाच ठरून गेलं होतं.

"मग माझं कुठलं?" तिनं तेव्हा विचारलं होतं.

ओगले हसले होते. "एवढं धूड तुझ्या मनगटाला पेलणार आहे का?"

आणि नवल असं, की खणातली बाकीची घड्याळं पडल्या पडल्या बंद व्हायची, पण सिको दर रविवारी फ्लॅनेलसकट कानाला लावावं तर चालूच. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातला मिक्सर आहे, त्याच्या हादऱ्यावर ते चालतं, असं ओगल्यांनी ठरवून टाकलं होतं. "जपानी माणसाचं काम आहे, राव!" हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं, की मिक्सरचा विषय निघाला की शेजाऱ्यांना घरची कामं आठवत.

जीप आनंद नगरच्या हॉलवर पोचली. सीमांतपूजन सुरू झालं. रत्नप्रभाबाईंनी जावयाचे पाय धुतले, कपडे दिले, ओवाळलं. दिलीप शांत मुलगा होता, सांगतील तसं करत होता. गुरुजी म्हणाले, "यजमान, आता घड्याळ." दिलीपनं हात पुढे केला. लाल डबा तबकात समोरच होता.

ओगल्यांनी त्याला हात लावला नाही.

"आमचं घड्याळ सापडत नाहीये. सापडलं की पुढचं करू."

सदाशिवराव खुर्चीतून उठून आले. "हे काय नवीन? डब्बा तर समोर ठेवलाय."

"तो तुमच्या पसंतीचा आहे. माझ्या हातून जाईल ते माझ्या पसंतीचं जाईल. नाहीतर मनगट मोकळं राहू दे."

"एवढ्याशा घड्याळासाठी तमाशा करणार आपण?"

"एवढंसं असतं, तर काल तुम्हीही गप्प बसला असतात."

दिलीपनं हात हळूच मागे घेतला. रत्नप्रभाबाईंचे डोळे भरून आले. ओगल्यांना ते दिसलं, पण ते पाटावर बसून राहिले.

"बाबा, ते माझ्याकडे आहे."

प्रतिभा मैत्रिणींच्या घोळक्यातून पुढे आली. हिरव्या चुड्याच्या वर, मनगटापासून चार बोटांवर, ते भलंमोठं सिको होतं. शालूच्या पदराआड ते इतका वेळ कुणाला दिसलं नव्हतं. ओगल्यांचा चेहरा उजळला. पोरगी आपल्या बाजूची निघाली! त्यांनी विजयी नजरेनं सदाशिवरावांकडे पाहिलं आणि तळहात पुढे केला.

प्रतिभानं घड्याळ काढलं नाही.

"देणार नाही मी."

"अगं, जावयाचं आहे ते."

"त्यांना नको आहे. मला हवंय, लहानपणापासून हवंय." ती मागे सरली नाही. "ज्यांना ते भंगार वाटतं, त्यांच्या हातात ते मी जाऊ देणार नाही. तुम्ही म्हणालात तरी."

"लड़की के हाथ में मर्दाना घड़ी!" सदाशिवराव हसायला गेले, पण साथ कुणी दिली नाही. "शोभतं का हे?"

"मला शोभतं, मामासाहेब. उद्या मुंडावळ्या बांधल्यावरसुद्धा असणार आहे."

दिलीपनं मान वर केली आणि त्या मनगटाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

ओगले उठले. त्यांनी मुलीचा हात धरला आणि बक्कल सोडायला बोट घातलं. तिथेच ते थांबले. पट्ट्याच्या नेहमीच्या भोकांच्या बरंच आत आणखी एक भोक होतं. त्याची कड घासून काळी झाली होती, आणि बक्कल बसायची तिथे चामड्याला खोल वळ पडला होता. भोक कालचं नव्हतं. ओगल्यांचं सगळं प्रेम तबकडीवर. पट्टा त्यांनी कधी धड पाहिलाच नव्हता.

रत्नप्रभाबाई त्यांच्या खांद्याशी येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "सकाळी कारखान्याचा भोंगा झाला, तुम्ही गेलात, की ती खण उघडायची. संध्याकाळच्या भोंग्याआधी परत ठेवायची. कॉलेजात होती तेव्हापासून."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"तुम्ही मिक्सरचं इतकं कौतुक सांगत होतात. मला मोडवेना."

ओगल्यांना हसू आलं. त्यांनी सुटलेलं टोक पुन्हा पट्ट्याच्या कडीत नीट सरकवलं, त्याच आतल्या भोकावर बक्कल घट्ट आहे ना ते पाहिलं, आणि मुलीचा हात सोडला.

मग ते पाटावर बसले, लाल डबा उघडला आणि चकचकीत नवं घड्याळ दिलीपच्या मनगटावर बांधलं. गुरुजींनी सुटकेचा श्वास टाकत अक्षता उचलल्या.

सदाशिवरावांना मात्र चैन नव्हतं. ते वाकून तबकडीकडे बघू लागले. "चालू आहे ना?"

"चालणारच," ओगले म्हणाले. "त्यात सेल आहे. त्याला कुणी घातलं काय, न घातलं काय."