झाकणामागची प्रार्थना

मी आदित्यवर जळतो. आधीच सांगून टाकतो.

इंदूरजवळच्या आमच्या शहरात, फ्रीगंज बाजारात, भय्यासाहेबांचं मोबाईल रिपेअरचं दुकान आहे. मी तिथे बरीच वर्षं आहे. काम व्हिडिओ बघून बघूनच शिकलो. आदित्य या उन्हाळ्यात आला, इंदूरहून. दुपारी आम्ही तिघं मागच्या खोलीत डबे खातो.

पहिल्याच दिवशी आदित्यने डबा उघडला, डोळे मिटले अन् मोठ्याने सुरू. "येशू, भेंडी मस्त दिसतेय, थँक यू. इथे काम मिळालं, त्याचं पण."

भय्यासाहेबांचा घास हातातच राहिला. "ये क्या चल रहा है?"

"मी ख्रिस्ती आहे, भय्यासाहेब. जेवायच्या आधी त्याच्याशी बोलतो."

मला वाटलं, गेला हा कामावरून.

भय्यासाहेबांनी जरा विचार केला. "रोज बोलतोस? मग माझ्या गुडघ्यांचं पण सांग ना यार."

बस. एवढंच झालं. अन् मी याच गोष्टीला इतकी वर्षं घाबरत होतो.

कारण मी पण ख्रिस्तीच आहे. जन्माचा. आजोबा नगरकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले, तेव्हापासून आमचं चर्च ठरलेलं. मी तिथे गातो. कामाला लागलो तेव्हा भय्यासाहेबांनी विचारलं होतं, "साळवे म्हणजे कुठले रे?" मी म्हणालो, "नगरकडचे." ते म्हणाले, "अच्छा, म्हणजे आपलेच." मी पुढे काही बोललोच नाही.

मग प्रार्थना झाकणामागे. डबा उघडताना झाकण तोंडासमोर धरायचं, जसं काही भाजीचा वास घेतोय. तेवढ्यात आमेन. रविवारी सकाळी चर्च असतं, तर दुकानात सांगून ठेवलेलं की आईला गुडघे शेकायला न्यायचं असतं. भय्यासाहेबांना इतकं वाईट वाटलं की त्यांच्या वैद्याकडचं तेल ते आईसाठी आणून द्यायला लागले. आई तर पापड वाळवायला दिवसातून चारदा गच्चीवर चढते.

हळूहळू भय्यासाहेब आदित्यचं बोलून झाल्याशिवाय घास घेईनात. माझं डोकं फिरायचं. त्याच्या घरी दुसरं कुणी ख्रिस्ती नाही. "पप्पा अजून बोलत नाहीत माझ्याशी," म्हणतो अन् परत कामाला लागतो. आमच्या गाण्यांतलं एक कडवं त्याला पाठ नाही. अन् येशूशी असा बोलतो, जसं काही तो बाजूच्या स्टुलावर बसलाय. अरे, येशू आमच्या घरात तीन पिढ्यांपासून आहे. माझ्या बाजूला कधी असा का नाही बसला?

मागच्या आठवड्यात भय्यासाहेबांची मुलगी ऋता पुण्याला बाळंत होणार होती. त्यांची बायको, कुसुमकाकू, तिकडेच. सकाळी दवाखान्यात नेलं एवढा फोन आला, नंतर काही नाही. आदित्य इंदूरला पार्ट्स आणायला गेलेला. भय्यासाहेब डबा न उघडताच बसून राहिले.

"आदित्यला फोन लाव. स्पीकरवर येशूशी बोलेल."

लावला. बंद.

"आजच जायचं होतं याला. आता कोण बोलणार?"

परत आदित्य. मी समोर बसलोय, अन् आदित्य.

"मी बोलतो," मी म्हणालो.

"तू?"

मी डोळे मिटले. चर्चमध्ये म्हणतो तसं सुरू केलं. "हे सर्वसमर्थ, परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही अयोग्य पापी जन तुझ्या सिंहासनासमोर नम्र होऊन..."

"विहंग," भय्यासाहेब हळूच म्हणाले, "तू कलेक्टरशी बोलतोयस का?"

माझे कान गरम झाले. मग जे आलं ते आलं. "येशू... ऋताताई घाबरली असेल. तिच्याजवळ थांब. भय्यासाहेब पण घाबरलेत. मी पण. मी आदित्यवर फार जळतो. तू त्याचाच जास्त आहेस असं वाटतं. मला पण तसा हवायस. आमेन."

डोळे उघडले तर भय्यासाहेब माझ्याकडेच बघत होते.

"ख्रिस्ती आहेस?"

"हो. पहिल्यापासून."

"अन् मला मालूमच नाही. माझी भीती वाटायची तुला?"

मी मान डोलावली. त्यांना लागलं ते. रागवले असते तर बरं झालं असतं.

"मग रविवारी आईचे गुडघे?"

"चर्च. गुडघे एकदम ठीक आहेत."

"अन् माझं तेल?"

"सगळं घरी पडलंय."

"नालायक. उद्या घेऊन ये." त्यांनी डबा उघडला अन् त्यातली पोळी माझ्या डब्यात टाकली. "खा."

संध्याकाळी पुण्याहून फोन आला. मुलगी झाली, दोघी ठीक. तेवढ्यात आदित्य पार्ट्स घेऊन शिरला. भय्यासाहेबांनी त्याला पेढा दिला अन् माझ्याकडे बोट केलं. "ये तो तेरा भाई निकला!"

"मला वाटलंच होतं," आदित्य म्हणाला. "भाजीचा वास घेताना कुणी डोळे मिटून ओठ हलवतं का?"

"मग बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"तुझी गोष्ट, तूच सांगणार ना. मी फक्त येशूला म्हणायचो, विहंग झाकणामागे एकटाच बोलतो रे, बघ जरा."

म्हणजे यात पण हाच पुढे. परत जळलो.

दुसऱ्या दिवशी मी झाकण बाजूला ठेवलं, अन् आदित्यने डोळे मिटायच्या आत मीच मोठ्याने सुरू केलं.