दोरीपलीकडचा हात

मित्रांनो, काचेच्या पेटीत बसलेला, पितळी पारड्यांचा हा जुना तराजू म्हणजे मी. चिमूटभर पूड अचूक तोलावी म्हणून कारागिरांनी मला घडवलं आणि एका थोर शास्त्रज्ञांच्या घरी माझी रवानगी झाली. साध्या झुळुकीनेही माझी दांडी हलते, म्हणून ही पेटी.

शास्त्रज्ञ प्रयोग मांडायचे आणि त्यांची धाकटी बहीण चिमट्याने वजनं ठेवायची. तेव्हा ती श्वाससुद्धा रोखून धरायची. "दादा, काटा थांबला," असं ती म्हणाली की मला धन्य वाटे.

पुढे शास्त्रज्ञ वारले, बहीण परगावी गेली आणि घराचं संग्रहालय झालं. लोक दोरीपलीकडून माझं कौतुक करू लागले. पण एका सभ्य दिसणाऱ्या पाहुण्याने बोलता बोलता माझं एक वजन खिशात घातलं. तेव्हापासून येईल त्याच्या हातांवर माझी नजर! पाहुण्यांना घर दाखवणाऱ्या गाइडचीही तीच गत.

त्यातच मी रुबाबदार दिसावं म्हणून गाइडने माझ्या एका पारड्यात जड वजन कायमचं ठेवून दिलं. दांडी जिच्यावर तोलली जाते, ती खालची नाजूक धार झिजू लागली. सांगणार कोणाला?

एकदा एक म्हातारी आली. सगळे पुढच्या खोलीत गेले, ती मात्र रेंगाळली. तिने इकडेतिकडे पाहिलं, दोरी ओलांडली आणि पेटीचं दार वर सरकवलं. माझं धाबं दणाणलं. झालं, आणखी एक चोर!

"आजी, हात बाहेर काढा आधी!" गाइड धावत आला. "पिशवी दाखवा."

"बघ खुशाल," वजन उचलून बाजूला ठेवत ती म्हणाली. "पण काम नसताना याला ओझं का वाहायला लावलंय?"

तिने खालची कळ फिरवली. दांडी अलगद उचलली गेली आणि माझ्या धारेवरचा भार उतरला. दार लावताना तिने श्वास रोखला, आणि तो सुरकुतलेला हात मला ओळखू आला.

"तुम्ही आहात तरी कोण?" गाइडचा संशय जाईना.

"त्यांची बहीण. इथे वजनं मीच करायचे."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं असतं तर खरं मानलं असतंस?"

गाइड वरमला. हळूच म्हणाला, "ती कळ कशी फिरवायची, मला दाखवाल?"

तिने त्याचा हात धरून दाखवलं.

मित्रांनो, अशा घरांत याल तेव्हा वस्तूंना हात लावू नका, हे खरंच. पण आमची नुसती चकाकी पाहून पुढे जाऊ नका. आमचं काही दुखतंय का, हेही विचारा. पहारा देणं वेगळं आणि जपणं वेगळं.