माझी बाही वर सरकली तो दिवस

मित्रांनो, भर वैशाखात कुणाच्या अंगात स्वेटर पाहिला आहे का? तसाच एक जुना, चॉकलेटी स्वेटर मी. मुंबईत यंत्रावर विणला गेलो. तिथेच कामाला असलेल्या किशोरने मला फुटपाथवर घेतले आणि महाडजवळच्या वरंधच्या वरच्या वाडीत, आवडी नावाच्या आपल्या बायकोसाठी पाठवले. थंडीचे दोन महिने अंगावर, उरलेले दहा महिने पत्र्याच्या ट्रंकेत, एवढेच माझे काम.

गेल्या वर्षी मात्र होळी झाली तरी आवडीने मला उतरवले नाही. बाहेर दगड तापत आणि माझ्या आत तिची कातडी गार, कोरडी असे. जेवण कमी झाले, तरी माझी बटणे ताणली जाऊ लागली. माझ्या खांद्यांवर तिचे गळलेले केस अडकत. आवाज घोगरा झाला. लाकडाचा भारा आणताना ती वाटेत चारदा बसे.

"आळशाला उन्हात पण थंडी वाजते गो!" सासू बनुबाई म्हणे. बायका हसत. फोनवर किशोर विचारी, "रुसलीस काय? बोलत का नायस?"

"नाय ओ," एवढेच म्हणून ती फोन माझ्या खिशात ठेवी. तिची थंडी फक्त मला ठाऊक होती, आणि मला तोंड नव्हते.

रक्त तपास, असे कुणी म्हटले की ती सांगे, "तपासलाय ना, शिबिरात." ते खरे होते. गावच्या आरोग्य शिबिरात बोटाला सुई टोचून एक थेंब घेतला होता, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या होत्या. वाडीत सगळ्यांचा समज हाच, की एकदा रक्त तपासले म्हणजे सगळेच तपासले.

एका दुपारी आवडीच्या हातून तांब्या घेताना बनुबाईची बोटे तिच्या बोटांना लागली. "अगो, ही तर नदीतल्या धोंड्यासारखी गार!" दुसऱ्या दिवशी दोघी एसटीने महाडला गेल्या.

डॉक्टर रेश्मा यांनी आवडीची मान चाचपली, नाडी मोजली. "रक्त तपासलाय," आवडी पुन्हा म्हणाली.

"ताई, रक्ताला जेवढं विचारावं तेवढंच ते सांगतं. शिबिरात हिमोग्लोबिन विचारलं. थायरॉईडचं कुणी विचारलंच नाही. बाही वर करा."

तपासणीसाठी माझी बाही पहिल्यांदाच कोपरावर सरकली. अहवालात टीएसएच खूप वाढलेले होते, फ्री टी-फोर कमी; म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावली होती, थंडी आणि थकवा त्याचाच. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी ठरली, दीड महिन्याने पुन्हा तपासणी, आणि बरे वाटले तरी गोळी मनाने सोडायची नाही.

परतताना एसटीत बनुबाई हळूच म्हणाली, "मी तुला आळशी म्हटला गो."

"म्हटलात खरा. आता उद्याचा भारा तुम्हीच आणा."

औषधाचा डोस दोनदा बदलला. यंदा चैत्रात आवडीने मला उतरवले, धुतले आणि ट्रंकेत ठेवले. इथे अंधार आहे, डांबरगोळ्यांचा वास आहे, आणि एकटेपण आहे. पत्र्यापलीकडे ती किशोरशी फोनवर मोठमोठ्याने भांडते, ते ऐकत मी पडून असतो.

मित्रांनो, उन्हात कुणी कुडकुडत असेल तर हसू नका. त्याचा हात हातात घ्या. रक्त तपासलंय असे तो म्हणाला, तर कशासाठी, ते विचारा. आणि थंडी पडेपर्यंत मला इथेच राहू द्या.