कूलरच्या पायाखालची निळी वायर

मित्रांनो, मी एक जुनी निळी वायर आहे, राउटरमधलं नेट कॉम्प्युटरपर्यंत पोचवणारी. सदर भागातल्या एका दुकानात माझं भेंडोळं टांगलेलं होतं. तिथून उन्मेषने मला प्रताप नगरला आईवडिलांच्या घरी आणलं आणि खिडकीखालून ओढून त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलं. तो कॉम्प्युटर पार थकला होता, पण उन्मेषने त्यावर लिनक्स नावाची हलकी सिस्टीम टाकली आणि तो पुन्हा चालू लागला. तेव्हा माझं फार कौतुक होतं. "वायफायपेक्षा वायरच बरी," असं उन्मेषचे वडील गिरिधरराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मग उन्मेषच्या आईच्या, जयाताईंच्या, घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज पहिल्यासारखा राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. जयाताईंची मुलगी नूपुर दूर बंगळुरूला. तिच्या लहानग्या मुग्धासाठी जयाताई रोज दुपारी कॉम्प्युटरपुढे बसून गोष्टी बोलून रेकॉर्ड करून ठेवू लागल्या. गोष्टीतला कोल्हा त्या नाकातून बोलत, आणि स्वतःच हसत. मीही खूश असे.

शेवटची गोष्ट झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिधररावांनी कूलर काढला, नवा वाळा भरला आणि स्टँड खिडकीशी सरकवला. स्टँडचा लोखंडी पाय नेमका माझ्यावर आला. वरची कातडी शाबूत, पोटातल्या तारा मात्र तुटल्या. दुपारी गिरिधररावांनी सगळ्या गोष्टी नूपुरच्या ईमेलला जोडल्या, 'पाठवा' दाबलं आणि कॉम्प्युटर बंद केला. उभा जन्म टपाल खात्यात गेलेला माणूस. पेटीत टाकलेलं पत्र पोचलंच समजायचं, ही त्यांची सवय. गोष्टी कॉम्प्युटरमध्येच अडकून राहिल्या.

जयाताई दवाखान्यात असताना उन्मेष घरी आला. आई परतली की नूपुरशी बोलता यावं, म्हणून तो नेट बघायला बसला. कॉम्प्युटर सांगत होता, केबल जोडलेली नाही. उन्मेषने माझी दोन्ही टोकं दाबून पाहिली.

"काहून गा, नेट दिसून नाही राहिलं का त्याले?" गिरिधररावांनी विचारलं.

"नेटचं कार्ड दिसते बाबा. पण वायर लागलीच नाही म्हणते. अन् लागली तर आहे."

"तुह्या त्या लिनक्सचंच असंल काहीतरी."

ते उन्मेषला झोंबलं. त्याने काय काय टाइप केलं, कार्ड चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, काढला, पुन्हा घातला. दुसरी वायर लावून पाहायचं काही त्याला सुचलं नाही. एवढा शिकलेला, पण काखेत कळसा. कॉम्प्युटर बिचारा खरं तेच बोलत होता.

शेवटी वैतागून उन्मेष म्हणाला, "सगळं पुसतो अन् दुसरी सिस्टीम टाकतो. आईच्या गोष्टी पाठवल्या ना तुम्ही?"

"पाठवल्या ना गा. मी सोता बटण दाबलं."

नूपुरला एक फोन केला असता तर भागलं असतं. मला ओरडावंसं वाटलं, पण वायरीला दुसऱ्याचं बोलणं नेता येतं, स्वतःचं नाही. सगळं पुसलं गेलं.

नवी सिस्टीम सुरू झाली आणि तिनेही तेच सांगितलं, केबल जोडलेली नाही. तेव्हा कुठे उन्मेष खाली वाकला. कूलरचा पाय उचलून त्याने माझा चेंगरलेला तुकडा कापला आणि नवं टोक बसवलं. नेट लगेच आलं. पाठोपाठ नूपुरचा निरोप आला, "बाबा, आईच्या गोष्टी कधी पाठवता? मुग्धा रोज विचारते." गिरिधरराव संध्याकाळपर्यंत खुर्चीतून उठले नाहीत. उन्मेष तोंड फिरवून उभा राहिला.

जयाताई घरी आल्या त्या घोगरा, चिरका आवाज घेऊन. त्यांनी कुणाला बोल लावला नाही. "राहू द्या, मी पुन्हा सांगते," म्हणाल्या, आणि कॉम्प्युटरवरूनच नूपुरला फोन लावून कोल्ह्याची गोष्ट सुरू केली. नाकातून आवाज काही केल्या निघेना. थोडा वेळ ऐकून पलीकडून मुग्धा म्हणाली, "आई, ही कोण आहे? मला आजीची गोष्ट पाहिजे."

ते शब्द मीच या घरात आणले, मित्रांनो. माझं कामच ते. म्हणून हात जोडून सांगते, यंत्र 'वायर नाही' म्हणालं तर आधी वाकून वायर बघा. आणि काही पुसण्याआधी, ते पलीकडे पोचलं का, एवढं एकदा विचारा. आज मी पुन्हा धडधाकट आहे. सिनेमे नेते, विजेची बिलं नेते, शेजारच्यांचे लग्नाचे फोटो नेते. जयाताईंचा तो आवाज मात्र माझ्यातून कधी गेलाच नाही.