मेघाचं कार्ड

"काका, दाबू नका. बोट ठेवा आणि हळूच ओढा."

प्रेमानंदने बोट ठेवलं. टॅबलेटच्या काचेवर प्लास्टरचा पांढरा डाग उमटला. दवाखान्याचे फोन घेणाऱ्या दिपालीने तो ओढणीने पुसला आणि टॅबलेट पुन्हा त्याच्यापुढे धरला. पडद्यावर चार रकाने होते: माप, साचा, जोडणी, दिला. एका पेशंटचं एक कार्ड. माप घेतलं की कार्ड पहिल्या रकान्यात, आणि माणूस नव्या पायावर चालत घरी गेला की शेवटच्या.

"मले काहून पाह्यजे वं हे?" प्रेमानंद म्हणाला. "माह्या डोस्क्यात सारं हाये."

"तुमच्या डोक्यात आहे काका, माझ्या नाही ना. पेशंटचा फोन आला की मी काय सांगू त्याले?"

त्याने पुन्हा काचेवर बोट ठेवलं. नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये तो सव्वीस वर्षं कृत्रिम पायांचे साचे करत होता. गोंदियापासून यवतमाळपर्यंतची माणसं येत. त्यांची नावं त्याच्या लक्षात राहत नसत. गुडघ्याखाली उरलेला पाय मात्र तो हात लावताच ओळखे. दुपारी खिडकीतून उन्हाची तिरीप आली की पांढरी पूड तिच्यात तरंगत राही. तारेवर टांगलेले अर्धवट पाय कूलरच्या वाऱ्याने हलत, जशी काही न दिसणारी माणसं हवेत रमतगमत कुठेतरी निघाली आहेत.

डबा खाऊन भिंतीला टेकलं की त्याचा डोळा लागे. त्या आठवड्यात त्याला डुलकीत अंबाझरी तलावाचं पाणी दिसलं. पाण्यावर कार्डं तरंगत होती, आणि प्रत्येक कार्डावर एक ओलं पाऊल होतं.

पंधरा दिवसांत त्याचा हात बसला. शेवटच्या रकान्यात गेलेलं कार्ड हिरवं होई, तेव्हा तो क्षणभर त्याच्याकडे बघत राही. पेशंटला चालायला शिकवणारे गोपाळराव हसत. "काय गा प्रेमानंदा, पोरांवानी खेळून राहिला का?"

मग दिपालीने सांगितलं, फळ्यांवर जे जुनं पडलं आहे तेही सगळं चढवायचं. नाहीतर अर्धं काम टॅबलेटवर आणि अर्धं धुळीत.

सगळ्यात वरच्या फळीवर, पट्ट्यांच्या खोक्यामागे, फडक्यात गुंडाळलेला एक लहान पाय निघाला. पूर्ण तयार. आत पेन्सिलीने प्रेमानंदच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'मेघा', आणि खाली तारीख.

तो स्टुलावर तसाच उभा राहिला. अकरा वर्षांची मुलगी, उमरेडच्या पलीकडच्या खेड्यातली. डावा पाय. साप चावला होता. तिची आई कौसल्या निघताना म्हणाली होती, "तयार झाला का फोन करजा भाऊ. आमी लगेच येतो." नंबराची चिठ्ठी त्याने शर्टाच्या खिशात टाकली, आणि शर्ट धुण्यात गेला. केसपेपरवर नंबर होता. पण त्यासाठी जुन्या कागदांचा गठ्ठा काढावा लागणार होता. आज काढू, उद्या काढू. मग वाटलं, येतील आपणहून. मग काही वाटेनासंच झालं.

दिपालीने ती तारीख भरली तसं कार्ड लाल झालं. खाली अक्षरं उमटली: सहा वर्षं दोन महिने उशीर.

"काढून टाकू का काका?" ती हळू आवाजात म्हणाली. "हा पाय आता तिले नाही बसणार."

"राहू दे."

"सहा वर्षं झाली," गोपाळराव म्हणाले. "दुसरीकून घेतला असन त्यायनं."

"आन नसन घेतला तं?"

केसपेपर शोधायला त्याला दोन दिवस लागले. नंबर तोच होता. फोन कौसल्यानेच उचलला. नागपूरचं नाव ऐकताच तिने ओळखलं.

"आमाले वाटलं, जमलं नसन तुमाले. म्हून फोन नाई आला," ती म्हणाली. "पुन्हा पुसाची लाज वाटली भाऊ. कुबड्यावर शाळेत जाते मेघा. बारावीत हाये आता."

दवाखान्याचे कागद हरवले असं सांगता आलं असतं. ओठावर आलंही होतं.

"चिठ्ठी माह्याकून हरवली बाई," प्रेमानंद म्हणाला. "फोन मीच कराचा होता. मी केला नाई."

पलीकडे कुठेतरी मोटारपंप चालू होता. मग ती म्हणाली, "बुधवारी येतो."

बुधवारी मायलेकी आल्या. कुबड्यांनी मेघाचे खांदे वर चढले होते आणि तळहात कष्टकरी बाईसारखे राठ झाले होते. टेबलावरचा लहान पाय तिने उचलला, वीत लावून मोजला.

"एवढासा होता का माझा पाय?" ती हसली. मग हसू ओसरलं. "तुमीच विसरले होते का काका?"

"हो."

"आई वावरात गेली का मी फोन घेऊन बसाची. घरात रेंज नाही ना, म्हणून बाभळीखाली. पूर्ण सहावी बसली मी तिथं."

कौसल्या खिडकीबाहेर बघू लागली. प्रेमानंद बादलीतल्या कोमट पाण्याकडे बघत राहिला. त्यात दुपारचं आभाळ पडलं होतं. काही बोलावं असं त्याला वाटलं, पण सव्वीस वर्षांत त्याला बोलायची गरजच पडली नव्हती. जे काही होतं ते हातांनीच व्हायचं.

"घ्या ना माप," मेघाच म्हणाली.

त्याने ओली पट्टी तिच्या उरलेल्या पायाला गुंडाळायला सुरुवात केली. प्लास्टर हळूहळू ऊब धरू लागलं, तशी तिची आखडलेली मांडी सैल पडली. दिपालीने तिच्या नावाचं नवं कार्ड उघडलं आणि जुन्या लाल कार्डाचं काय करायचं ते नजरेनेच विचारलं. प्रेमानंदने मान हलवली. ते तिथेच राहणार होतं, रोज दिसेल असं.

साच्याच्या कामाला त्याने या वेळी कुणालाच हात लावू दिला नाही. तीन आठवड्यांनी मेघा नवा पाय लावून दोन दांड्यांच्या मधे उभी राहिली.

"खाली नको पाहू वं," गोपाळराव म्हणाले. "समोर पाह्य."

एक पाऊल पडलं. दुसरं जरा बाहेर गेलं. तिसऱ्याला ती थांबली. "काका, इथं लागून राहिलं."

प्रेमानंद तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि पट्टा सैल करू लागला. तोल जातोसा वाटून तिने दांडी सोडली आणि दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरले. मग तिचा सगळा भार त्याच्यावर आला. पट्टा केव्हाच नीट बसला होता. फरशीवर त्याचे गुडघे ठणकत होते. ती पुढे निघेपर्यंत तो हलला नाही.